ऑर्डर फॉर्मवरची एक ओळ

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकेतल्या मॅन्युफॅक्चर्ड होम्सबद्दल, म्हणजे कारखान्यात बांधून ट्रकने जागेवर आणून बसवतात त्या घरांबद्दल, मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. आपल्यातलं कुणी अशी घरं विक्रीला मांडून ठेवतात तो लॉट चालवतंय, कुणी अशी घरं बसवतात ते पार्क विकत घेतलंय, कुणाला पहिलं घर म्हणून हेच परवडतंय. बहुतेकांचं विचारणं एकच आहे: कमी वीज खाणारं घर विकल्याबद्दल वीज कंपनी रिबेट देते, ते नेमकं कसं चालतं? म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देते.

वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या, थंड भागात अकरा वर्षं मी अशा घरांच्या लॉटवर विक्रीचं काम केलं. त्यानंतर सात वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, याच रिबेटचे अर्ज तपासायला बसले. दोन्हीकडून जे दिसलं ते सांगते.

ताई, मी आणि माझ्या मेहुण्याने गेल्या वर्षी घरांचा एक चालू लॉट विकत घेतला. परवा वीज कंपनीकडून एक बाई येऊन गेल्या. एनर्जी स्टार, म्हणजे कमी वीज खाण्याचं सरकारी लेबल असलेलं, घर विकलं की दर घरामागे आम्हाला ठरावीक रक्कम मिळेल म्हणाल्या. मेहुणा म्हणतो, एवढ्याशा पैशासाठी कागदपत्रांचा ताप कोण घेणार, घरं तशीही विकली जाताहेत. तुमचं मत?
*एक वाचक, सेलम, ओरेगन*

मेहुण्यांना आधी एक विचारा. आज लॉटवर उभी असलेली घरं कुणी निवडली?

गिऱ्हाइकाने नाही निवडली. हिवाळ्यात, लॉटवर चिटपाखरू नसताना, कारखान्याचा ऑर्डर फॉर्म पुढ्यात घेऊन तुम्ही किंवा तुमच्या आधीच्या मालकाने खुणा केल्या. हा फ्लोअर प्लॅन, असलं काउंटरटॉप, घर गरम करायला तसली फर्नेस. गिऱ्हाईक उगवतं मे महिन्यात, शनिवारी दुपारी, पोराबाळांसकट. बाई ओट्यापाशी उभी राहून बघते, मुलं आपापली खोली ठरवून मोकळी होतात, नवरा हप्ता विचारतो. फ्लोअरखाली थंडी अडवणारं इन्सुलेशन किती आहे हे अकरा वर्षांत मला किती जणांनी विचारलं असेल? हाताच्या बोटांवर मोजता येतील. आणि त्यांनी विचारलं तरी उपयोग काय होता, घर तर बांधून झालेलं. काउंटरटॉप पुढे कधीही बदलता येतो. भिंतीतलं आणि फ्लोअरमधलं इन्सुलेशन मात्र जे कारखान्यात भरलं ते भरलं. त्या घरात तीस वर्षं राहणाऱ्याच्या बिलाचा निकाल तुमच्या त्या एका खुणेने लागलेला असतो.

वीज कंपनी पैसे तुमच्या हातात ठेवायला बघते आहे, त्याचं कारण हे. तिला गिऱ्हाइकापर्यंत पोचून उपयोग नाही, तिला तुमच्या ऑर्डर फॉर्मपर्यंत पोचायचंय. तिचा स्वार्थही उघड आहे. जानेवारीत पहाटे सहाला सगळ्या घरांच्या इलेक्ट्रिक फर्नेस एकदम पेटतात, तेव्हा लागणारी वीज तिला सगळ्यात महाग पडते. ती मागणी जितकी कमी, तितकं तिला बरं.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मला हे उत्तर देता येत नाही. लॉटवरचं माझं तिसरं वर्ष होतं. एक वयस्क जोडपं आलं, दोघंही निवृत्त. त्यांना महिनाअखेरीच्या आत घर हवं होतं. लॉटवर एक डबलवाईड, म्हणजे दोन भाग जोडून होणारं घर, तयार होती: साधी इलेक्ट्रिक फर्नेस, इन्सुलेशन कायद्यापुरतं. कमी विजेत घर गरम ठेवणाऱ्या हीट पंपचं घर मागवलं असतं तर दहा आठवडे लागले असते. मी ती डबलवाईड विकली. फेब्रुवारीत त्या आजी बिल घेऊन लॉटवर आल्या. रागावल्या नाहीत. बिल माझ्या टेबलावर पसरलं, त्यावरच्या खांबांच्या आलेखात डिसेंबर आणि जानेवारीचे खांब बाकीच्यांच्या तिप्पट उंच होते. त्यांनी विचारलं, “हे मीटर बिघडलंय का गं?” मीटर बिघडलेलं नव्हतं. पुढे ते दोघं दोन खोल्या बंद करून एका खोलीत राहायचे, हे मला नंतर कळलं. त्या बिलातले आलेखाचे खांब अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

कायद्यापुरतं म्हणजे किती, तेही सांगते. या घरांना गावचा बांधकाम कोड लागत नाही, केंद्राच्या गृहनिर्माण खात्याचा, म्हणजे हडचा कोड लागतो. त्यातले उष्णतेचे नियम १९९४ पासून जवळपास तसेच आहेत. देशाचे तीन विभाग केलेत आणि आपली ओरेगन, वॉशिंग्टन सगळ्यात थंड तिसऱ्या विभागात येतात. तरीही साध्या घरात आणि एनर्जी स्टार घरात बराच फरक पडतो.

आकडा लावून बघू. समजा, इलेक्ट्रिक फर्नेसवर घर गरम ठेवायला वर्षाला ९,००० युनिट लागतात. फर्नेस एक युनिट विजेतून एकच युनिट उष्णता देते. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे एका युनिटमागे हंगामाची सरासरी अडीच धरली तर काम ३,६०० युनिटांत होतं. कडाक्याच्या थंडीत ही सरासरी खाली येते, ते धरूनच अडीच म्हटलंय. वाचले ५,४०० युनिट. युनिटला १२ सेंट धरले तर वर्षाला ६४८ डॉलर, महिन्याला ५४. आता समजा, हीट पंपासाठी घराची किंमत ४,००० डॉलरने वाढली. २० वर्षांच्या ८ टक्क्यांच्या कर्जावर हप्ता साधारण साडेतेहतीस डॉलरने वाढेल. त्यात १,००० डॉलरचं रिबेट वळतं केलंत तर वाढ २५ डॉलरवर येते. बिल ५४ ने कमी, हप्ता २५ ने जास्त. आकडे तुमच्या गावच्या दराने बदला, पण हा हिशेब एका कागदावर लिहून गिऱ्हाइकापुढे ठेवा. हप्ता विचारणाऱ्या माणसाला हप्त्याच्याच भाषेत उत्तर द्यावं.

कागदपत्रांचा ताप आहे, पण मेहुण्यांना वाटतो तेवढा नाही. घराचा सिरियल नंबर, कारखान्याचं इनव्हॉइस, एनर्जी स्टारचं प्रमाणपत्र, विक्रीचा करार, घर बसणार तिथला पत्ता, गिऱ्हाइकाचा वीजखाते क्रमांक आणि तुमचा डब्ल्यू-९ हा कराचा फॉर्म. घर विकलं त्या दिवशी या सात गोष्टींचं फोल्डर तयार असेल तर अर्जाला अर्धा तास लागतो. तीन महिन्यांनी शोधायला बसलात तर आठवडा जातो, आणि बऱ्याच वेळा तोवर मुदतही गेलेली असते. मी परत पाठवलेल्या अर्जांपैकी बहुतेक याच एका कारणाने गेले.

अजून एक. कारखान्याच्या प्रतिनिधीशी बोला. २०२३ पासून केंद्राचं ४५एल नावाचं टॅक्स क्रेडिट कारखान्याला एनर्जी स्टार घरामागे २,५०० डॉलर आणि त्याहून कडक दर्जाच्या झीरो एनर्जी रेडी घरामागे ५,००० डॉलर देत आलंय. ३० जून २०२६ नंतर विकत घेतलेल्या घरांना ते लागू नाही. ते क्रेडिट तुमचं नाही, कारखान्याचं आहे. पण क्रेडिट मिळालेल्या घराच्या घाऊक किमतीत त्यातलं काही उतरलं का, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

तेव्हा माझं मत: घ्या. आणि पुढच्या हिवाळ्यात लॉटसाठी माल मागवाल तेव्हा निदान अर्धी घरं तरी कार्यक्षम मागवा.

सासू-सासऱ्यांसाठी घर बघतोय. सेल्समन म्हणतो, “सगळीच नवी घरं एनर्जी एफिशियंट असतात.” खरं-खोटं कसं ओळखायचं? त्यांचं आत्ताचं घर १९७२ चं मोबाईल होम आहे.
*एक वाचक, स्पोकॅन, वॉशिंग्टन*

१९७२ च्या घराशी तुलना केली तर हो, सगळीच नवी घरं बरी. हडचा कोड १५ जून १९७६ ला लागू झाला. त्याआधीची घरं ती खरी ‘मोबाईल होम’, त्यांच्या भिंतीत किती आणि काय भरलंय याला देशपातळीवर एकच एक नियम नव्हता. पण तुम्हाला तुलना १९७२ च्या घराशी करायची नाहीये, शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या नव्या घराशी करायचीय.

घरात शिरण्याआधी मागच्या बाजूला जा. प्रत्येक भागाच्या टोकाला साधारण दोन बाय चार इंचांची लाल धातूची पट्टी रिव्हेट केलेली दिसेल. डबलवाईडला अशा दोन. ती हडची. घर कोडप्रमाणे बांधलंय एवढंच ती सांगते, त्यापलीकडे काही नाही. बरेच सेल्समन तिच्याकडेच बोट दाखवून “हे बघा सर्टिफाइड” म्हणतात. त्याला भुलू नका.

मग आत जा आणि डेटा प्लेट शोधा. नाव प्लेट असलं तरी तो कागद असतो, स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, इलेक्ट्रिक पॅनेलजवळ किंवा बेडरूमच्या क्लोझेटमध्ये चिकटवलेला. त्यावर देशाचे छोटे नकाशे असतात: वाऱ्याचा, छतावरच्या बर्फाच्या भाराचा आणि उष्णतेचा. घर कोणत्या विभागासाठी बांधलंय ते तिथे कळतं. तुमच्याकडे तिसराच विभाग हवा. दक्षिणेकडच्या विभागासाठी बांधलेलं घर स्वस्तात मिळतंय म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. नियमानेही ते तुमच्याकडे बसवता येत नाही.

यानंतरची खूण म्हणजे एनर्जी स्टारचं लेबल, किंवा आपल्या वायव्येकडच्या राज्यांत नीम या कमी वीज खाणाऱ्या कारखानी घरांच्या कार्यक्रमाचं प्रमाणपत्र. ‘एनर्जी पॅकेज’, ‘नॉर्दर्न पॅकेज’, ‘ग्रीन सिरीज’ ही ज्याच्या त्याच्या ब्रोशरमधली नावं झाली. चांगली असतीलही, पण वीज कंपनी त्यांच्यावर रिबेट देत नाही. घर घेण्याआधी एवढंच विचारा, “या घराच्या सिरियल नंबरचं प्रमाणपत्र मला लेखी द्याल का?” जो विक्रेता लगेच हो म्हणतो त्याच्याशी पुढची बोलणी करा.

आणि जुनं घर काढून त्याच जागी नवं बसवणार असाल तर वीज कंपनीला तसं स्पष्ट सांगा. काही ठिकाणी जुनं घर बदलण्याची मदत नव्या घराच्या रिबेटपेक्षा वेगळी असते. ओरेगनमध्ये एनर्जी ट्रस्ट ऑफ ओरेगन ही संस्था असं काम करते. मात्र जुनं घर पाडण्याआधी विचारायचं. फोटो आणि तपासणी नसेल तर नंतर काही हाती लागत नाही.

आमच्या लॉटवरून घर विकलं, सगळे कागद जोडले, तरी अर्ज नामंजूर. आमच्या लॉटला तर त्याच कंपनीची वीज येते!
*एक लॉटमालक, आयडाहो*

रिबेट तुमच्या लॉटकडे बघत नाही, घर जिथे कायमचं बसतं त्या जागेकडे बघतं. बिल तिथे येणार, बचतही तिथे होणार. तुमच्याकडून वीस मैलांवर घर गेलं आणि तिथे सहकारी को-ऑपची वीज असली की तुमच्या कंपनीचा संबंध संपला. झिप कोडवरही विसंबू नका, एकाच झिपमध्ये रस्त्याच्या अलीकडे एक कंपनी आणि पलीकडे दुसरी असते. करार करतानाच गिऱ्हाइकाला जागेचा पत्ता विचारून त्या कंपनीला फोन लावा. आणखी एक कारण असू शकतं: घर गॅसवर गरम होणारं असेल तर विजेच्या कंपनीकडून हे रिबेट सहसा मिळत नाही. आणि आता त्या को-ऑपकडे नव्याने अर्ज करा. तिथे कदाचित मुदत शिल्लक असेल.

मी लॉटवर सेल्समध्ये आहे. रिबेट विक्रेत्याच्या नावाने येतं. मालक ते पूर्ण ठेवून घेतात, आम्हाला दर घरामागे थोडे पैसे देतात. गिऱ्हाइकाला याबद्दल काहीच सांगितलं जात नाही. मला हे बरोबर वाटत नाही, पण नोकरीही हवीय. काय करू?
*नाव छापू नये अशी विनंती*

तुमच्या पत्रातलं “मला हे बरोबर वाटत नाही” हे वाक्य मी दोनदा वाचलं. मला तुमच्याबद्दल आदर वाटला.

आधी नियम बघा. कार्यक्रम दोन-तीन तऱ्हांचे असतात. काहींत रक्कम गिऱ्हाइकाची असते आणि विक्रेता फक्त ती किमतीतून वळती करून देतो. अशा वेळी मालकाने ती ठेवणं म्हणजे दुसऱ्याचे पैसे ठेवणं, आणि अर्जावर गिऱ्हाइकाची सही लागते ती त्यासाठीच. काहींत रक्कम विक्रेत्याचीच असते: त्याने कार्यक्षम माल मागवला, कागद भरले, त्याचा मोबदला. तिथे मालकाने ठेवली तर काही गैर नाही. काहींत दोघांना वेगवेगळी मिळते. तुमच्या कंपनीचा कार्यक्रम यातला कुठला, हे अर्जाच्या मागच्या पानावर लिहिलेलं असतं. आधी ते पान वाचा.

पहिल्या प्रकारातला असेल तर मालकांशी एकांतात बोला आणि ते पान पुढे ठेवा. मी असं एकदा केलंय. हात थरथरत होते माझे. आमचे मालक पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, पुढच्या महिन्यापासून इनव्हॉइसवर वेगळी ओळ टाका. तुमचे मालक असंच म्हणतील याची हमी मला देता येणार नाही. पण वीज कंपन्या अशा अर्जांची फेरतपासणी करतात, गिऱ्हाइकांना फोन करून विचारतात, आणि तेव्हा अर्जावर सही कुणाची आहे ते बघितलं जातं. तुमची सही असेल तर हे बोलणं तुमच्याही भल्याचं आहे.

दुसऱ्या प्रकारातला असेल तरी गिऱ्हाइकाला सांगायला हरकत नाही. “हे घर विकल्यावर आम्हाला वीज कंपनीकडून थोडी रक्कम मिळते, कारण ते कमी वीज खातं.” मी हे दर वेळी सांगायचे. त्याने कधी विक्री मोडली नाही, उलट बिलाचा विषय आपोआप निघायचा.

कराचं थोडक्यात: विक्रेत्याला मिळालेली रक्कम हे धंद्याचं उत्पन्न, तुम्हाला मिळणारा वाटा हे तुमचं उत्पन्न आणि तो पगारपत्रकात दिसायला हवा. रोख पाकिटात घेऊ नका. गिऱ्हाइकाला वीज कंपनीकडून राहत्या घरासाठी मिळालेली ऊर्जाबचतीची मदत मात्र केंद्राच्या आयकर कायद्याच्या कलम १३६ प्रमाणे त्याच्या उत्पन्नात धरत नाहीत. घराची कागदोपत्री किंमत तेवढ्याने कमी धरायची असते, बाकीचं तुमच्या सीपीएला, म्हणजे कराचा हिशेब बघणाऱ्याला, विचारा.

मी एका ग्रामीण इलेक्ट्रिक को-ऑपमध्ये काम करतो. आम्ही असा कार्यक्रम पहिल्यांदाच सुरू करतोय. बजेट लहान आहे. पैसे गिऱ्हाइकाला द्यावेत, विक्रेत्याला की थेट कारखान्याला?
*एक अभियंता, मोंटाना*

तुमच्याच मुलखात याचं उत्तर तीस वर्षांपूर्वी एकदा मिळालेलं आहे. १९९२ मध्ये बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशन ही धरणांची वीज विकणारी केंद्राची संस्था आणि वॉशिंग्टन, ओरेगन, आयडाहो, मोंटाना या चार राज्यांतल्या वीज कंपन्यांनी मिळून कारखान्यांशी करार केला. विजेवर गरम होणारं प्रत्येक घर ठरलेल्या दर्जाचं बांधायचं, आणि त्याबद्दल कारखान्याला घरामागे २,५०० डॉलर मिळणार. मॅप म्हणायचे त्याला. राज्यांच्या ऊर्जा खात्यांची माणसं कारखान्यात जाऊन तपासणी करायची, तीही भिंत बंद होण्याआधी.

त्याआधीच्या कार्यक्रमांत गिऱ्हाइकाला किंवा विक्रेत्याला सूट मिळायची आणि कार्यक्षम घर हा एक जादाचा पर्याय असायचा. कारखान्यात एका लाइनवर जाड भिंतीचं घर, मागोमाग पातळ भिंतीचं, असं आलटूनपालटून चालायचं. प्रत्येक वेळी माल वेगळा, कटिंग वेगळं, चुकाही जास्त. मॅपमध्ये सगळीच घरं एका दर्जाची झाली आणि दर घरामागचा जादा खर्च कमी झाला. दशकाच्या मध्याला पैसे थांबले, पण कारखान्यांनी तपासणीची फी स्वतः भरून ते प्रमाणपत्र चालू ठेवलं. आजचा नीम कार्यक्रम त्याच मुळावर उभा आहे. हे मला फार मोलाचं वाटतं. मी लॉटवर काम करताना जी चांगली घरं विकली, ती या लोकांनी आधी एवढं करून ठेवलं म्हणून.

पण तुमचं को-ऑप एकटं आहे. वर्षाला पंधरा-वीस घरं तुमच्या हद्दीत बसत असतील तर एवढ्यासाठी कुठलाच कारखाना आपली लाइन बदलणार नाही. तेव्हा कारखान्याचं काम मोठ्या, अनेक कंपन्यांच्या एकत्र कार्यक्रमावर सोडा आणि दर्जासाठी त्यांचंच प्रमाणपत्र माना, आपलं वेगळं तयार करू नका. तुमच्या थोड्या पैशातला मोठा भाग विक्रेत्याला द्या, कारण मघाशी म्हटलं तसं लॉटवर काय उभं राहतं ते तो ठरवतो. थोडा भाग गिऱ्हाइकाला द्या, म्हणजे तो नावाने मागेल. आणि रक्कम कितीही ठेवा, पण वर्षाच्या मध्यात बदलू नका. हिवाळ्यात ऑर्डर दिलेलं घर उन्हाळ्यात विकलं जातं. मधल्या काळात रिबेट बंद झालं की विक्रेता पुन्हा तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. हे मी विक्रेत्याच्या खुर्चीत बसून अनुभवलंय: चार घरं मागवली आणि घरं लॉटवर यायच्या आतच कार्यक्रम गुंडाळला गेला. पुढची दोन वर्षं आमच्या मालकांनी हीट पंपाचं नाव काढू दिलं नाही.

घर बसवून झालं, आता रिबेटचा तपासनीस म्हणतो स्कर्टिंग, म्हणजे घराखालची मोकळी जागा झाकणारी पॅनेलं, लावण्याआधी घराखाली जाऊन बघणार. प्रमाणपत्र तर कारखान्याचं आहे ना? क्रू दुसऱ्या कामावर निघालाय, थांबवून ठेवणं आम्हाला महाग पडतं.
*सेलमचेच दुसरे वाचक*

थांबवा. कारखान्याने पाठवले ते दोन तुकडे, घर तुमच्या क्रूने केलं. दोन भाग जिथे जुळतात ती मॅरेज लाइन सील झाली का, घराच्या तळाला लावलेलं आवरण, म्हणजे बेली बोर्ड, ट्रकवरून येताना कुठे फाटलंय का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रॉसओव्हर डक्ट. एका भागातली गरम हवा दुसऱ्या भागात नेणारी ती मोठी लवचिक नळी कारखान्यात लागतच नाही. ती जागेवर, घराखाली पाठीवर झोपून, थंडीत गारठलेल्या बोटांनी लावावी लागते. म्हणूनच एनर्जी स्टारलाही जागेवरच्या बसवणुकीची वेगळी चेकलिस्ट असते.

अर्ज तपासायला लागल्यावर पहिल्याच हिवाळ्यात एका घराच्या तक्रारीसाठी गेले होते. घर प्रमाणित, हीट पंप उत्तम, तरी बिल अवाच्या सवा, आणि मागच्या दोन खोल्या गारठलेल्या. स्कर्टिंगचं एक पॅनेल काढलं, पुठ्ठा अंथरला आणि टॉर्च घेऊन आत सरकले. आतमध्ये स्वेटर काढावासा वाटेल इतकी ऊब. मधोमध क्रॉसओव्हरचं एक टोक निसटून खडीवर पडलेलं, त्यातून भसाभसा गरम हवा येत होती आणि त्या हवेच्या तोंडाशी शेजारपाजारची तीन मांजरं अंग चोरून झोपली होती. सांधा नुसत्या चिकटपट्टीने बांधलेला होता. चिकटपट्टी पहिल्या थंडीतच सुटली असणार. घरातली बाई बाहेर उभी होती, कडेवर लहान मूल. मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आम्ही इतके दिवस अंगण तापवत होतो?”

तेव्हा तपासनीस येईपर्यंत तुम्हीच आधी बघून घ्या. नळी कॉलरवर नीट चढलीय का, धातूच्या किंवा नायलॉनच्या पट्ट्याने आवळलीय का, सांध्यावर मॅस्टिक, म्हणजे फट बुजवणारा घट्ट लेप, लावलंय का. नळी कुठेही जमिनीला टेकलेली नको, पट्ट्यांनी वर टांगलेली हवी, पण इतकी ताणूनही नको की मध्ये दबेल. मग फर्नेस किंवा हीट पंपचा पंखा चालू करून दोन्ही सांध्यांजवळ ओला हात धरा. हवा लागली की कळतंच. चार फोटो काढा, प्रत्येकात सिरियल नंबर लिहिलेला कागद दिसू द्या, आणि ते अर्जाच्या फोल्डरमध्ये टाका. क्रूला अर्धा दिवस थांबवल्याचे पैसे जातील, ते द्या. स्कर्टिंग एकदा लागलं की पुन्हा खाली जायला कुणी तयार होत नाही.